उष्टावण कोणाची?

सरकारनं २०१७ साली बाळंतपणाची रजा २६ आठवड्यांची केली, तेव्हा तिचा माझ्याशी आणि लाल भोपळ्याशी काही संबंध येईल असं वाटलं नव्हतं. पण २६ आठवडे म्हणजे सहा महिने आणि सहा महिने म्हणजे बाळाला वरचं अन्न सुरू करायचा मुहूर्त. बायको ज्या सोमवारी महापेच्या ऑफिसात पुन्हा रुजू झाली, त्याच सोमवारी नेरुळच्या आमच्या स्वयंपाकघरात मी रुजू झालो. माझं काम घरूनच चालतं ना!

उष्टावण आदल्या रविवारी झाली होती. ठाण्याहून मामा लोकलनं आला, भाचीला मांडीवर घेऊन चांदीच्या वाटीतली खीर तिच्या ओठांना लावली, उरलेली पातेलंभर स्वतः संपवली आणि गेला. परंपरेचं काम तिथे संपलं.

पुढचं डॉक्टरबाईंनी सांगितलं. सहा महिन्यांनंतर नुसतं आईचं दूध पुरत नाही, विशेषतः लोह कमी पडतं. तेव्हा डाळ, नाचणी लवकरच आणायची. सुरुवात मात्र पटकन मऊ शिजणाऱ्या, गोडसर लाल भोपळ्यानं करा. मीठ नाही, साखर नाही. मध वर्षभर मुळीच नाही. एक भाजी तीन दिवस, मग दुसरी. चमच्यावरून ओघळणार नाही इतकी दाट. "आणि भरवताना तुम्ही तोंड वाकडं करू नका हं. बाळ तुमचा चेहरा बघतं."

इथे माझा चेहरा पडला. वयाच्या चौथ्या वर्षापासून मी लाल भोपळा ताटाखाली, खिशात आणि एकदा वडिलांच्या मिटलेल्या छत्रीत लपवत आलो आहे. त्या पावसाळ्यातली पहिली सर वडील अजून विसरलेले नाहीत.

"प्युरी करतोय," मी आईला सांगितलं.

"सहा महिन्यांच्या पोरीला पुरी?"

"पुरी नाही गं, प्युरी. भाजी उकडायची, वाटायची, गाळायची."

"म्हणजे पुरणच की. माळ्यावरून पुरणयंत्र काढ."

ताजा माल हवा म्हणून मी पहाटे वाशीच्या एपीएमसीत गेलो. जिथे मुंबईचा भाजीपाला ट्रकांनी उतरतो, तिथे मी पाव किलो भोपळा मागितला. व्यापाऱ्यानं माझ्याकडे, मग माझ्या कापडी पिशवीकडे पाहिलं आणि हमालाला चहा आणायला पाठवलं. लाजेपोटी मी अख्खा भोपळा घेतला. सहा किलोचा. गोष्टीतली म्हातारी आत बसून लेकीकडून परत येऊ शकली असती.

दोन चमचे भोपळा मिक्सरमध्ये वाटला जात नाही. अर्धा पात्याखाली दडतो, अर्धा भांड्याच्या भिंतीला चिकटतो आणि मोटर मात्र विमान उडाल्यासारखी गरजते. त्या आवाजानं जिच्यासाठी हे चाललं होतं ती जागी झाली. मी निमूट माळ्यावर चढलो. पुरणयंत्रातून पाच मिनिटांत मऊसूत भोपळा उतरला. आई एक शब्दही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

मिशिगनमध्ये १९२७ साली डोरोथी गर्बर ही आई लेकीसाठी भाज्या गाळून गाळून कंटाळली आणि नवऱ्याला म्हणाली, हे तुमच्या कारखान्यात करून बघा. त्यांचा डबाबंद भाज्यांचा कारखाना होता. पुढच्या वर्षी बाळांच्या भाज्यांचे डबे अमेरिकेच्या बाजारात आले. माझ्याकडे कारखाना नव्हता, पण माल कारखान्याइतका होता. बर्फाच्या ट्रेमध्ये भोपळा गोठवला. शेजारच्या काकांच्या कोकम सरबतात केशरी खडा तरंगला, तेव्हा त्यांनी रेसिपी विचारली. तरी भोपळा संपेना. घारगे झाले, भरीत झालं, थालीपिठं झाली.

आणि रोज दुपारी परीक्षा. लेक चमच्याकडे नव्हे, माझ्याकडे बघायची. मग एक चमचा तिला, एक मला. बिनमिठाचा, बिनगुळाचा, नुसता भोपळा. मी डोळे मिटून गिळायचो आणि "मम्मम्, छान!" म्हणायचो. पहिले दोन दिवस घशाशी आला. तिसऱ्या दिवशी गेला. दुसऱ्या आठवड्यात वाटीत तळाशी राहिलेला मी बोटानं पुसून घेतला, तेव्हा लेक खोलीत नव्हती.

परवा आई फोनवर मावशीशी बोलत होती. "हो गं, खातो आता. पहिल्यांदा नुसतं तोंड फिरवायचा. आता वाटी चाटूनपुसून. परत मागतो सुद्धा."

पलीकडून काहीतरी प्रश्न आला.

"छे गं," आई म्हणाली, "नात पहिल्या दिवसापासून खातेय. मी ह्याचं सांगतेय."