‘ड्रॉप’ घेतला म्हणे!

“वहिनी, या जरा भिंतीशी. आमच्या दादाची धाकटी आली जर्मनीहून.”

“आली? तिने शिक्षण अर्धवट सोडलं होतं ना, ताई? ड्रॉप घेतला म्हणे.”

“समोरच्या काकूंनी सांगितलं ना? अहो, बी.कॉम. पूर्ण झालंय तिचं, तेही फर्स्ट क्लासमध्ये. पुढे काय करायचं ते ठरेना, म्हणून वर्षभर तिकडे जाते म्हणाली. आपल्याकडे मोकळं वर्ष म्हटलं की लोकांना दोनच शंका. पोरगी नापास तरी झाली, नाहीतर लग्न तरी मोडलं.”

“मग करत काय होती तिकडे?”

“वृद्धाश्रमात काम.”

“अगं बाई! एवढं शिकून?”

“आमची आईही अगदी हेच म्हणाली. पण तिकडे ती रीतच आहे. एफएसजे म्हणतात त्याला, समाजसेवेचं वर्ष. शाळा संपली की कितीतरी जर्मन मुलं असं एखादं वर्ष दवाखान्यात, बालवाडीत नाहीतर वृद्धाश्रमात काढतात. १९६४ सालापासून कायदा आहे त्याचा. पगार नाही, हातखर्चाला पैसे मिळतात, विमा असतो आणि वर्षभरात २५ दिवस शिबिरं. परदेशातली मुलंही घेतात, पण वय २७च्या आत हवं आणि भाषा यायला हवी. हिचं मॅक्सम्युलर भवनात बी-वन झालेलंच होतं. गाव स्टुटगार्टच्या जवळ. ते ऐकल्याबरोबर आमचे हे म्हणाले, ‘स्टुटगार्ट म्हणजे १९६८ पासून मुंबईची भगिनीनगरी!’ त्यांना असलं सगळं बरोबर लक्षात राहतं, दूध आणायचं तेवढं राहत नाही.”

“करमलं का पण तिला?”

“कसलं करमतंय! डिसेंबरात साडेचारला अंधार. रविवारी दुकानं बंद. आदल्या दिवशी आणून ठेवलं नाही, तर बसा कोरडा पाव चावत. सुरुवातीला दिवसातून तीनतीनदा फोन, नुसती रडारड. मग रोज एक, मग आठवड्याला एक. तेव्हा आमची वहिनी रडायला लागली.”

“आईचा जीव, ताई!”

“हो, पण पोरगी रडते म्हणूनही रडायचं आणि रडत नाही म्हणूनही रडायचं, म्हणजे अवघडच आहे. बरं, त्या भागात आणखी एक गंमत. इमारतीचा जिना झाडायची पाळी असते. ज्याचा आठवडा त्याच्या दारावर पाटी अडकवायची. जिना झाडायचा, पुसायचा, समोरचा फुटपाथ साफ करायचा, थंडीत बर्फसुद्धा ओढायचं. हिने पहिल्यांदा जिना झाडला, तर खालच्या मजल्यावरच्या आजी वर आल्या आणि म्हणाल्या, ‘कोपरे राहिलेत.’ एवढं बोलून गेल्या. ही दोन दिवस फुगून बसली. मग लक्षात आलं की बाईंच्या मनात काही नाही, तोंडावर सांगून मोकळ्या झाल्या. आपल्याकडे असं कोणी सांगितलं असतं?”

“नसतं. आपण भिंतीशी आलो असतो.”

“तेच म्हणते मी! आता हीसुद्धा तशीच बोलायला लागली आहे. परवा मोठ्या काकांना म्हणाली, ‘नको, मला भूक नाही.’ आग्रह केला तर पुन्हा तेच, हसून. घरभर झालं, पोरगी उद्धट होऊन आली. मला विचाराल तर बरंच झालं. पूर्वी नको नको म्हणत चार पुरणपोळ्या खायची आणि रात्री माझ्याकडे येऊन सोडा मागायची.

“आणि आईचं तर ऐकाच. तिकडे एक आजोबा होते, शर्टाची बटणं लावायला त्यांना फार वेळ लागायचा. ही पटकन लावून द्यायला गेली, तर मोठ्या नर्सबाईंनी अडवलं. ‘त्यांना जमतंय तेवढं त्यांनाच करू दे. रोज तू लावलीस तर थोड्या दिवसांनी त्यांना येणारच नाही.’ हातावर हात ठेवून शेजारी उभं राहायचं, हेच काम! हिला सगळ्यात जड तेच गेलं म्हणे.”

“खरंच की. आपण लगेच धावतो.”

“आमच्याकडे आई मेथी घेऊन बसली की दादाची बायको हातातून काढून घ्यायची. प्रेमानेच हो, पण काढून घ्यायची. ही म्हणाली, ‘आजीला करू दे.’ आता आई अख्खी जुडी निवडते. तासभर लागतो, निम्म्या काड्या तशाच असतात आणि जेवायला उशीर होतो. सगळे म्हणतात, पोरगी आळशी झाली, बसून राहते. आई मात्र खूश आहे.”

“अनुभव आला म्हणायचा.”

“आणखी एक, पण हे कुठे बोलू नका. तिच्याकडच्या एक आजी गेल्या तिथे. मरण इतक्या जवळून पहिल्यांदाच पाहिलं तिने. आईला फोनवर कळू दिलं नाही. मला परवा सांगितलं.”

“पुढे काय करणार आता?”

“एम.कॉम.”

“अहो, मग तेच करायचं होतं तर एक वर्ष आधी नसतं झालं?”

“झालं असतं की. पण तेव्हा ‘का?’ विचारलं तर म्हणायची, मैत्रिणी करतायत म्हणून. आता तिला असल्या संस्थांचे हिशेब बघायचेत. वृद्धाश्रमाला पैसा कुठून येतो, खर्च कसा होतो, हे तिकडे पाहत होती. उद्या मत बदलेलही. वय काय तिचं!”

“आमचा मुलगाही म्हणतोय, ताई. मी अजून ह्यांच्या कानावर घातलं नाही.”

“मग आधी भाषेच्या क्लासला घाला. बी-वन काही चार दिवसांत होत नाही, आणि व्हिसाच्या कागदपत्रांतही महिने जातात. आणि समोरच्या काकूंना तुम्हीच जाऊन सांगा. नाहीतर आठ दिवसांत तो नापास झालेला असेल.”