हजेरीवाले नाना

तालुक्याच्या गावाला चकरा मारणारी माणसं दोन जातींची असतात. पहिल्या जातीची माणसं काम घेऊन येतात, आणि ते झालं की पुन्हा दिसत नाहीत. दुसऱ्या जातीची माणसं काम झालं नाही म्हणून येतात. ती कायमची. आमचे नाना या दुसऱ्या जातीचे. असे नाना शिंदखेड्याच्या आसपास गावोगाव आहेत. विरदेलला आहेत, चिमठाण्याला आहेत, बेटावदला तर एकाच गल्लीत दोन सापडतील. मी लिहितोय ते बुराईकाठचे, एवढी ओळख पुरे. कचेरीचं नाव तर मुळीच सांगत नाही. काम वारसाच्या नोंदीचं होतं, त्यावरून ज्याला ओळखायचं त्यानं ओळखावं.

नाना गावच्या विकास सोसायटीचे निवृत्त सेक्रेटरी. व्याज, दंडव्याज, टक्केवारी यांत हयात गेलेली. त्यामुळे २०२० च्या मार्चमध्ये जेव्हा सरकारनं जाहीर केलं, की सरकारी कार्यालयांत फक्त पाच टक्के उपस्थिती राहील, तेव्हा सगळा महाराष्ट्र घाबरला आणि नाना हिशेबाला बसले. कचेरीत माणसं चार. चाराचे पाच टक्के म्हणजे एका माणसाचा पाचवा हिस्सा. दुसऱ्या दिवशी कचेरीच्या दारात उभं राहून त्यांनी शिपायाला विचारलं, "भाऊ, पाचवा हिस्सा आला असंल ना? मग कोणता आला? सहीचा हात आला असंल तर माझं काम होऊन जाईल."

शिपाई म्हणाला, "नाना, साहेब नही शेतस."

"मंग तू काय करी ऱ्हायना?"

"मी हजर शे."

या उत्तरावर नाना जे भडकले ते पुढे दोन वर्षं भडकलेलेच राहिले.

इथं नानांचा स्वभाव सांगायला हवा. गैरहजेरीवर त्यांचा राग नव्हताच. तेवीस-चोवीस वर्षं ते स्वतः "सेक्रेटरी जिल्हा बँकेत गेलेत" या वाक्याआड सुखानं राहिले होते. पण त्यांच्या मते जुन्या गैरहजेरीला एक रीत होती. खुर्चीच्या पाठीवर रुमाल टाकलेला असे, पंखा गरगरत असे, टेबलावर चष्म्याचं घर उघडं असे. येणाऱ्याला वाटे, माणूस आत्ताच चहाला उठलाय. त्याला आशेवर बसवून ठेवण्याची ती सभ्यता होती. कोरोनानं ती मोडली. खुर्ची रिकामी ती रिकामीच, वर तिला लाल-पांढरी पट्टी गुंडाळलेली. "अरे, निदान रुमाल तरी ठेवा!" असं नाना शिपायाला सांगत.

नाना जे काही सांगत ते शिपायालाच सांगत. दुसरं कोणी नव्हतंच. माणसाचा राग कायम हजर असलेल्यावर निघतो, हे मी त्या दिवसांत डोळ्यांनी पाहिलं. जे आले नाहीत त्यांच्यावर कोणी ओरडू शकत नव्हतं. जो आला तो सगळ्यांच्या वतीनं शिव्या खायला मोकळा. बँकेच्या खिडकीतला एकटा कॅशियर, मेडिकलवरचा पोऱ्या, गॅसची टाकी आणणारा माणूस, सगळ्यांचं तेच झालं. घरी बसलेले कोविडयोद्ध्यांसाठी थाळ्या वाजवून झोपले, आणि योद्धे सकाळी उठून आपल्याच गाववाल्यांचं ऐकून घेत होते.

शिंदखेड्यात तेव्हा फक्कीचे गोल आखलेले. दोन गोलांत हातभर अंतर, गोलात माणसानं उभं राहायचं. चैत्र-वैशाखातल्या खान्देशी उन्हात गोलात कोण उभं राहतो? लोकांनी गोलात चपला ठेवल्या, पिशव्या ठेवल्या, एकानं तर दगडावर खडूनं नाव लिहून ठेवलं, आणि सगळे लिंबाखाली एकमेकांना चिकटून बसले. नानांनी खिशातली डायरी काढून नोंद केली : चपला, उपस्थिती शंभर टक्के. कर्मचारी, पाच.

ही डायरी पुढे नानांची मुख्य वही झाली. तिच्यात ते कचेरीची हजेरी मांडत. साहेब : व्हीसी. क्लार्क : पॉझिटिव्ह. दुसरा क्लार्क : पहिल्याच्या संपर्कात. शिपाई : हजर, निरुपयोगी. मी एकदा विचारलं, "नाना, ही हजेरी कोणाला देणार?" म्हणाले, "देणार कोणाला? ज्याला द्यायची तोच आलेला नाही."

फोन करून पाहा, असं कोणी सुचवलं. नाना फोन लावत. आधी खोकला ऐकू येई, मग काही दिवसांनी एका बाईंचा सूचना देणारा आवाज, मग अमिताभ बच्चन. सगळं शांतपणे ऐकून घेतल्यावर कळे, की साहेबांचा फोन बंद आहे. "बच्चन हजर शे," नाना म्हणत, "एवढा मोठा माणूस, रोज न चुकता येतो."

घरात मात्र नानांची पंचाईत वेगळीच. जनधनच्या खात्यात बायांना महिन्याला पाचशे रुपये यायला लागले. गर्दी नको म्हणून खात्याच्या शेवटच्या आकड्यावर तारखा वाटून दिलेल्या. एप्रिलच्या ३ तारखेला शून्य आणि एक, अशी सुरुवात करून ९ तारखेला आठ आणि नऊ. नानींचा आकडा आठ. त्या तोंडाला पदर लावून ९ तारखेला गेल्या आणि पाचशेची नोट घेऊन परत आल्या. पहिल्याच चकरेत. नाना दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत.

रेशनच्या दुकानात तर आणखी गंमत. मशिनवर लोकांचे अंगठे लावणं बंद झालं आणि दुकानदाराच्याच अंगठ्यावर धान्य द्यायची सवलत मिळाली. नानांनी यातून तत्त्व काढलं. "धान्य माझं, अंगठा दुकानदाराचा, चालतं. मग नोंद माझी, सही शिपायाची, का चालू नये?" शिपाई बिचारा दोन पावलं मागे सरकला. त्याला वाटलं, नाना पेन देतात की काय.

आता साहेबांविषयीही न्यायानं बोलायला हवं. ते घरी झोपले नव्हते. त्या दिवसांत खरं म्हणजे कोणीच गैरहजर नव्हतं, प्रत्येक जण दुसऱ्याच्या जागी हजर होता. शाळा बंद, म्हणून गुरुजी तपासणी नाक्यावर गाड्यांचे नंबर लिहीत होते. नाक्यावरचे पोलीस गावात बंदोबस्ताला. आशाताई घरोघरी ताप मोजत होत्या. आणि आमच्या तालुक्यातली निम्मी पोरं सुरतेला, उधना-लिंबायतच्या कारखान्यांत. कारखाने बंद झाले तशी ती मिळेल त्या वाहनानं, काही तर ताप्ती लाईनच्या रुळांच्या कडेकडेनं, गावाकडे आली. ती आली की जिल्हा परिषदेच्या शाळेत चौदा दिवस ठेवायची. त्यांची मोजदाद करायला रोज शाळेत कोण जात होतं? नानांचे साहेब.

ही बातमी नानांना त्यांच्या पुतण्याकडून कळली. पुतण्या सुरतेहून आलेला, चौथीच्या वर्गात मुक्काम. खिडकीतून ओरडून म्हणाला, "नाना, साहेब रोज येतस! नाव लावून हाका मारतस!"

ज्या माणसासाठी नाना शिंदखेड्याला खेटे घालत होते तो रोज त्यांच्याच गावात, त्यांच्या घरापासून दोन गल्ल्यांवर येत होता. पण तिथं आत जायचं तर क्वारंटाइन व्हावं लागे. नाना दोन दिवस गंभीरपणे विचार करत होते. सुरतेला जाऊन यावं का, इथपर्यंत मजल गेली. नानींनी विचारलं, "जाशात कसं? गाड्या बंद शेतस." तेव्हा कुठे तो बेत फिसकटला.

मग वारसाचा अर्ज खिडकीतून पुतण्याकडे आणि पुतण्याकडून साहेबांकडे, असा मार्ग ठरला. अर्ज नानांनी स्वतः शाईच्या पेनानं, सेक्रेटरीच्या वळणदार अक्षरात लिहिला होता. वडील वारले जानेवारीत. वारस चार : नाना, धाकटा भाऊ, दोन बहिणी. पुतण्यानं अर्ज पुढे केला. साहेबांनी नियमाप्रमाणे आधी त्याच्यावर सॅनिटायझरचा फवारा मारला.

शाई ती शाई. दोन भाऊ कागदाच्या वरच्या भागात होते, ते वाचले. थोरल्या बहिणीचं नाव फुगलं, पण लागत होतं. धाकट्या बहिणीच्या जागी निळं तळं झालं.

दोंडाईच्याला ही वार्ता त्याच संध्याकाळी पोचली. धाकट्या बहिणीचा फोन आला, "नाना, सॅनिटायझरनी मनंच नाव कसं पुसाई गयं?" नानांनी शपथा घेतल्या, औषधाचं शास्त्र सांगितलं, पुतण्याला साक्षीला उभं केलं. पण भावानं अर्ज लिहिला आणि फक्त बहिणीचं नाव गेलं, ही गोष्ट महाराष्ट्रात कोणाच्या पोटातून खाली उतरणार? सातबाऱ्यावरून बहिणींची नावं आजवर नाना उपायांनी गेली असतील. विषाणूच्या निमित्तानं गेल्याचं हे पहिलंच उदाहरण असावं. बहिणीनं राखीला यायचं नाकारलं. तिचं अधिकृत कारण कोरोना.

अर्ज पुन्हा लिहिला, या वेळी बॉलपेननं. फेरफार धरल्यावर पंधरा दिवसांची नोटीस लागते, कोणाची हरकत असेल तर यावी म्हणून. नोटीस कचेरीच्या आतल्या फलकावर लागली आणि कचेरीला कुलूप. हरकत एकही आली नाही. नानांच्या मते तालुक्याच्या इतिहासातली ही सर्वांत बिनविरोध नोंद होती. तरी मंडळ अधिकाऱ्यांची मंजुरी राहिली. ते आज येतील, उद्या येतील म्हणता म्हणता सप्टेंबर उजाडला. मग ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’चं सर्वेक्षण आलं. मग डिसेंबरात ग्रामपंचायतीचे अर्ज आले, त्यात सर्व्हर बसला. १५ जानेवारी २०२१ ला मतदान झालं. त्या दिवशी कचेरीतली चारही माणसं हजर होती, फक्त चार वेगवेगळ्या मतदान केंद्रांवर.

एप्रिल २०२१ मध्ये ‘ब्रेक द चेन’चा आदेश निघाला आणि उपस्थिती पंधरा टक्के ठरली. नानांनी हिशेब केला : चाराचे पंधरा टक्के म्हणजे माणसाचे तीन पंचमांश. "सुधारणा शे. मागल्या साली गुडघ्यापर्यंत आला होता, यंदा छातीपर्यंत आला."

त्यानंतर डायरीत सहा आठवडे काही लिहिलेलं नाही. गावात रोज कोणाची ना कोणाची बातमी येत होती, आणि साहेब स्वतः धुळ्याला ऑक्सिजनवर होते. नाना तेव्हा शिंदखेड्याला एकदाच गेले, शिपायाला विचारायला : "साहेब कसा शेतस?" काम विचारलं नाही.

साहेब बरे होऊन आले, तोवर ऑक्टोबरअखेर एसटीचा संप सुरू झाला. आता कचेरी भरलेली आणि नाना गैरहजर. हा अपमान त्यांना सहन होईना. पुतण्याच्या मोटारसायकलवर मागे बसून, मास्कवरून उपरणं गुंडाळून ते जायला लागले. शिपायाच्या शेजारच्या बाकावर त्यांची जागा ठरून गेली होती. आल्या-गेल्याला ते पाणी कुठे आहे ते सांगत, झेरॉक्स कोणत्या दुकानात स्वस्त ते सांगत, कोणत्या अर्जाला किती रुपयांचं तिकीट तेही सांगत. शिपाई चहाला गेला की कपाटाची किल्ली नानांच्या मांडीवर असे.

आणि मग संप मिटल्यावर, २०२२ च्या उन्हाळ्यात, तो दिवस उगवला. निर्बंध उठले होते. नाना पायरी चढले तर आत साहेब, एक क्लार्क, दुसरा क्लार्क, सगळे आपापल्या खुर्चीवर. पट्ट्या गेलेल्या, पंखे चालू. नाना क्षणभर दारातच थांबले. पहिल्या टेबलानं त्यांना दुसऱ्याकडे पाठवलं, दुसऱ्यानं तिसऱ्याकडे, तिसऱ्यानं "पहिल्या टेबलाला विचारलंत का?" असं विचारलं. पाच टक्क्यांच्या काळात "नाही" हे उत्तर एका मिनिटात मिळत होतं. आता त्यालाच दुपार झाली.

बाक रिकामा होता. शिपाई दोन वर्षांची साठलेली रजा घेऊन मेहुणीच्या लग्नाला गेला होता. शेवटी साहेब खुर्चीवरून उठून स्वतः नानांजवळ आले आणि हळूच म्हणाले, "नाना, ती जुन्या फेरफारांची फाईल भाऊ कुठे ठेवायचा हो?"

नाना काही न बोलता उठले. कपाटाच्या तिसऱ्या फळीवरचा सॅनिटायझरचा पाच लिटरचा कॅन बाजूला केला, त्याखालून गठ्ठा ओढला, धूळ झटकली आणि आपलं प्रकरण वर काढून ठेवलं. एवढ्यात व्हीसीची वेळ झाली म्हणून साहेब घाईनं आतल्या खोलीत गेले आणि त्यांच्यामागून क्लार्कही. नाना फाईल मांडीवर घेऊन बाकावर बसले.

दारात एक तरुण शेतकरी घाम पुसत उभा राहिला. त्यानं रिकाम्या खुर्च्या पाहिल्या, फाईल धरून बसलेल्या नानांना पाहिलं आणि कपाळाला आठ्या घालून विचारलं, "साहेब कोठे ग्यात?"

नानांनी त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं, खांद्यावरचा रुमाल काढून शेजारच्या खुर्चीच्या पाठीवर नीट पसरला आणि म्हणाले, "साहेब मीटिंगले ग्यात. बस. येतीनच आते."