निव्वळ वजन

वजन कमी करणारा माणूस तुमच्या ओळखीत आहे, हे मला माहीत आहे. तो सगळ्यांच्याच ओळखीत असतो. पहिल्या पाच मिनिटांत 'किती उतरलं' ते तो सांगून टाकतो. चढलं किती, ते त्याच्याकडे बघून आपण ओळखायचं. पुण्यात तो पर्वतीच्या पायऱ्यांवर गाठतो, दादरला शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर, उरणात विमला तलावाभोवती. आमच्या करंज्यात तो बंदरावर भेटतो, त्याच्या मालकीची बोट आहे आणि त्याला सगळे नाखवा म्हणतात.

नाखव्याचा घरच्या काट्यावर विश्वास नाही. मुलीने मुंबईहून काचेचा काटा आणून दिला होता. त्याने एकदा त्यावर पाय ठेवला, आकडा वाचला आणि काटा पलंगाखाली सरकवला तो आजतागायत तिथेच आहे. वजन करायचं तर बंदरावरच्या मोठ्या काट्यावर, जिथे माशांचे क्रेट चढतात. याचं कारण तिथली रीत. क्रेट चढला की दिसलेल्या आकड्यातून आधी क्रेटचं वजन जातं, मग बर्फाचं, मग पाण्याचं, आणि उरेल ते माशाचं. मासळीच्या धंद्यात ही घट सगळीकडेच कापतात, त्यात गैर काही नाही. नाखव्याने ती स्वतःला लावली, एवढंच.

काट्यावर ९६ किलो आले की तो पोराला सांगतो, "चपला वजा." चपला काढून उभं राहायला तो तयार नसतो. पायात ठेवून वजा केल्या की त्या किलोभर भरतात, काढल्या तर पावशेरसुद्धा नाही, हे त्याला अनुभवाने कळलेलं आहे. मग गळ्यातली चेन वजा. मोबाईल वजा. सकाळचा चहा आणि दोन बटर वजा, कारण "ते अजून अंगाला लागलं नाय." पावसाळ्यात कपड्यांतली ओल वजा. खाली उतरेपर्यंत नाखवा नव्वदच्या आत आलेला असतो. पोरगा वहीत दोन्ही आकडे लिहितो. कुणी विचारलं तर नाखवा दुसरा सांगतो.

"मास्तर, निव्वल वजन एकोननव्वद."

मध्यंतरी त्याने व्यायाम मनावर घेतला. बोंबलाच्या अंगात बहुतेक सगळं पाणीच असतं, वलांडीवर टांगून चार उन्हं दाखवली की त्याची काडी होते, हे करंज्यात लहान पोरालाही ठाऊक आहे. नाखव्याने हे शास्त्र पुढे नेलं. ऐन एप्रिलात, दुपारच्या उन्हात, अंगात प्लास्टिकचा रेनकोट घालून तो बंदराच्या रस्त्याने चालायला लागला. पोरं मागून ओरडायची, "नाखवा, ढग कुठं हाय?" तासाभराने काट्यावर चढला तर खरंच दीड किलो कमी! मग तो टपरीवर बसला, दोन तांबे पाणी प्यायला, वर एक सोडा घेतला, आणि दीड किलो जागच्या जागी परत आलं. घामाने जातं ते पाणी. एक किलो चरबी जाळायची तर सात हजार सातशेच्या आसपास कॅलरी खर्चाव्या लागतात, हे मी त्याला समजावून सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्यातल्या पान्याच्या किती?"

त्यानंतर दीक्षित डाएट. डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी महाराष्ट्राला दोनदा जेवायला लावलं, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांच्या आत, आणि मधे काही नाही. अनेकांना त्याचा उपयोग झाला असेल. मी दीक्षितांना दोष देत नाही. पण त्या ५५ मिनिटांत किती खायचं, हे नाखव्याने स्वतः ठरवलं. शिवाय त्याच्या ताटात पाला. पाला खाल्लेल्या माणसालाच कळेल की त्या माशात काटे किती असतात. नाखवा घड्याळ समोर ठेवून जेवायला बसे आणि काटे काढण्यात गेलेला वेळ वजा करी. एका दुपारी मी सव्वा वाजता गेलो तेव्हा तो पानावर होता, अडीचला निघालो तेव्हाही होता. "मास्तर, निव्वल पस्तीसच मिनिटं झालीत," तो म्हणाला.

भाच्याने पावलं मोजायचं घड्याळ दिलं, तो काळ सगळ्यांत सुखाचा. दिवसाला दहा हजार पावलं! हा आकडा कुणा वैद्याने काढलेला नाही. टोकियो ऑलिंपिकनंतर १९६५ साली एका जपानी कंपनीने पावलं मोजायचं यंत्र बाजारात आणलं, तेव्हाचा तो जाहिरातीचा आकडा. नाखवा बोटीवर बसून जाळं निवडायचा, हात हलायचे, बोट हलायची, आणि घड्याळ पावलं मोजत राहायचं. वारा असला की दुपारपर्यंत बारा हजार. इथे मात्र लाटा वजा करायचं त्याला सुचलं नाही. पुढे मीच मूर्खासारखं बोलून गेलो की २०१९ साली अमेरिकेत वयस्क बायकांची पाहणी झाली, तीत साडेसात हजारांच्या पुढे चालून फारसा जादा फायदा दिसला नाही. "म्हंजे अडीच हजार वजा," नाखवा म्हणाला आणि तिथेच बाकावर बसला.

त्याला डोंगरावरही नेऊन पाहिलं. मागे अख्खा द्रोणागिरी उभा आहे, चढायला फुकट, वर वारा. मारुती संजीवनीसाठी डोंगर घेऊन निघाला तेव्हा त्यातला तुकडा इथे पडला, अशी आमच्याकडची कथा. अर्ध्या चढावर नाखवा दगडावर टेकला, खाडीपलीकडचं रेवस बघत बराच वेळ धापा टाकल्या आणि म्हणाला, "मारुतीनं तरी कुटं सगला नेला? जड झाला तेवडा टाकलाच ना?"

तसा तो जन्माचा आळशी नाही. त्याच्या बापाच्या वेळी डोल हातांनी ओढायची. पाण्याने भरलेलं जाळं वर घेताना चार माणसांच्या पाठीचा घाम निघे. होडीला शीड होतं आणि वारा पडला की वल्ही. त्या कामाला तांदळाच्या तीन भाकऱ्या आणि भाताचा डोंगर लागायचाच. मग इंजिन आलं, विंच आला. काम विंचने घेतलं, जेवण मात्र नाखव्याकडेच राहिलं. त्यात एप्रिल-मेच्या हळदी, म्हणजे रात्रभर मटण. लगेच १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंदी. माशांची वीण व्हावी, पिल्लं वाढावीत म्हणून हे ६१ दिवस बोटी किनाऱ्याला लागतात. तिकडे समुद्रात मासे वाढतात, इकडे घरात नाखवा.

शेवटी साखर निघाली. उरणात नवे डॉक्टर आलेत, मराठवाड्याकडचे, तरुण आणि चिकाटीचे. नाखवा मला बरोबर घेऊन गेला, साक्षीला. डॉक्टरांनी काट्याचा विषयच काढला नाही, खिशातून टेप काढली. भारतीय पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आत हवी. टेप बघून नाखवा गडबडला. टेपेतून काय वजा करणार? त्याने छाती फुगवून पोट आत घेतलं आणि श्वास धरला. डॉक्टर थांबले. दर्यावर्दी माणसाचा दम मोठा असतो, पण डॉक्टरांकडे त्या दिवशी पेशंट कमी होते. काही वेळाने 'फुस्स' झालं आणि टेपेवर १०८ आले.

मग डॉक्टरांनी त्याला एक गोष्ट सांगितली, ती मलाही नवी होती. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभे राहिलेला फोटो २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. उंची-वजनाच्या हिशेबाने दोघे तंतोतंत सारखे, बीएमआय २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. आपल्याकडचा माणूस सडसडीत दिसला तरी आतून चरबी राखून असतो, आणि ती पोटाशी बसते. म्हणून तर गोऱ्यांना बीएमआय पंचवीसपर्यंत चालतो आणि आपल्याला तेविसालाच सावध व्हायला सांगतात.

नाखवा खूश झाला. "म्हंजे काटा खोटाच बोलतो! मी क्या सांगत होतो मास्तर?"

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला नाही, हा त्यांचा मोठेपणा. ते म्हणाले, "नाखवा, पाच ते दहा टक्के वजन उतरलं तरी साखर आणि रक्तदाब दोन्ही ऐकायला लागतील. फार नको. दहा टक्के करू या?"

नाखव्याने थोडा विचार केला. "दहा कशाला सायेब? साडेबारा टक्के देतो. वचन."

डॉक्टर हरखले. त्यांनी कागदावर '९६ वजा १२ = ८४' असं लिहून खाली रेघ ओढली. मी गप्प राहिलो. उरण तालुक्यात राहणाऱ्या माणसाने 'साडेबारा टक्के' हे शब्द ऐकून हरखायचं नसतं, पण ते नवीन होते.

आता इतकं झाल्यावर नाखव्याबद्दल चांगलं काही लिहावं असं माझ्या मनात नव्हतं, पण बंदरावरची एक गोष्ट राहून जाते. पहाटे बोट लागली की मोठे व्यापारी येतात तशा पाटीवाल्या बायकाही येतात. दहा-पंधरा किलो घेतात, डोक्यावरून नाही तर रिक्षाने उरणच्या बाजारात नेतात. व्यापाऱ्याच्या क्रेटवर नाखवा ग्रॅमाग्रॅमाला भांडतो. बाईची पाटी चढली की मात्र घट कापून झाल्यावर पोराला पुन्हा सांगतो, "अजून दोन किलो वजा कर, बरफ लय हाय." पाटीत बर्फाचा खडासुद्धा नसतो. पोरगा निमूट वजा करतो. बाईही काही बोलत नाही, पदर खोचते आणि पैसे मोजते.

त्याच्या आईची पाटी होती. रेवसच्या लाँचची वाट बघत बसलो असताना त्याने एकदाच सांगितलं. म्हातारपणी तिला दवाखान्यात नेलं, नर्सबाईंनी काट्यावर उभं केलं, ४१ किलो. नर्सबाई म्हणाल्या, आजी, वजन फारच कमी आहे. तर ही विचारते, "पाटी धरून, का उतरवून?" नाखवा हे सांगताना हसला. जन्मभर ती इथून उरणच्या बाजारापर्यंत डोक्यावर ओझं घेऊन चालली होती. कुठल्याही घड्याळाने तिची पावलं मोजली नव्हती आणि तिच्या ताटात घरच्यांची जेवणं झाल्यावर उरेल ते कालवण यायचं. मी काहीतरी बोलायला गेलो, तेवढ्यात लाँच आली आणि नाखव्याने विचारलं, "मास्तर, खारे शेंगदाने चालतात ना? का मीठ वजा करू?"

डॉक्टरांना दिलेल्या वचनाचं पुढे जे झालं, त्याचं श्रेय नाखविणीला आहे. तिने कुठलंही पुस्तक वाचलं नाही. तळण रविवारवर नेलं, इतर दिवशी बोंबील-मांदेली आंबटात. तिसरी भाकरी टोपलीतूनच गायब केली आणि तिच्या जागी मुळा-काकडीचं ताट आणून आपटलं. रात्रीचं जेवण साडेसातला. संध्याकाळी स्वतः पायांत चपला सरकवायची आणि नवऱ्याला म्हणायची, "चला." देवीच्या देवळापर्यंत जायचं आणि यायचं, भरभर, वाटेत कुणाशी बोलायचं नाही. डॉक्टरांनी आठवड्याला दीडशे मिनिटं चालायला सांगितलं होतं. त्यात नाखव्याच्या चपलेचा अंगठा तुटण्याची मिनिटं तिने धरली नाहीत. रेनकोट कोंबड्यांच्या खुराड्यावर घातला.

चार महिन्यांनी आम्ही परत गेलो. नाखवा चपला काढून, चेन आणि मोबाईल टेबलावर ठेवून, कुणी न सांगता दवाखान्याच्या काट्यावर उभा राहिला. ९३ किलो २०० ग्रॅम. साखर उतरली होती, कंबर १०३. डॉक्टरांना बरं वाटलं, पण त्यांनी जुना कागद काढला. "नाखवा, साडेबारा टक्के ठरले होते. चौऱ्याऐंशी."

"दिले की सायेब. लग्नात मी चौसष्ट होतो. वर चढले ते बत्तीस. साडेबारा टक्के त्याचे. जे घेतलं त्याचेच परत देतात ना?"

डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले. तेव्हा मला त्यांना सगळं सांगावं लागलं: नवी मुंबईसाठी गेलेल्या जमिनी, दि. बा. पाटलांचं आंदोलन, जानेवारी १९८४ मध्ये त्यात उरण तालुक्यात गोळीबारात गेलेले पाच जण, आणि त्यातून पुढे आलेली, घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के भूखंड परत देण्याची योजना. डॉक्टरांनी ऐकलं. माणूस गणिताला पक्का. "ठीक आहे. पण बत्तीसचे साडेबारा टक्के म्हणजे चार किलो होतात. तुमचं उतरलं दोन किलो आठशे."

"बरोबर. पावनेनऊ टक्के. हातात तेवडेच पडतात."

"आणि उरलेले पावणेचार?"

"ते सार्वजनिक सुविधांसाठी कापतात, सायेब," नाखवा चेन गळ्यात घालत म्हणाला. "हलदी हायत, जत्रा हाय, नारली पुनव हाय. त्यांना जागा नको?"