वेलची ज्याची त्याची

सोलापुरात सात रस्त्याच्या सिग्नलला थांबलात की मान वर करू नका. वरच्या फलकांवर गुडघे बदलून मिळतात, टकलावर केस उगवतात आणि कुठल्यातरी भाऊंचा वाढदिवस असतोच. मान खाली घालून मोबाइल उघडाल तर तिथंही तेच गुडघे. फक्त तिथं ते गाण्यावर नाचतात.

आणि डॉक्टरांना जाहिरातीची बंदी आहे बरं का!

हसू नका. भारतीय वैद्यक परिषदेची २००२ ची आचारसंहिता आजही लागू आहे. पाटी अवास्तव मोठी नको. औषधाच्या दुकानावर नको. डॉक्टर जिथं राहत नाही की काम करत नाही, तिथं तर पाटीच नको. आता भर चौकातल्या सिग्नलजवळ कोणता डॉक्टर राहतो, ते तुम्हीच सांगा.

वर्तमानपत्रात निवेदन द्यायला मुभा आहे. दवाखाना सुरू केला, पत्ता बदलला, काही दिवस नाही, परत आलो, अशा मोजून सात गोष्टींची. म्हणजे ‘मी गावाला चाललो’ हे छापता येतं. ‘मी हुशार आहे’ हे नाही.

पळवाट? आचारसंहितेचा दंडुका डॉक्टरवर चालतो, हॉस्पिटल नावाच्या कंपनीवर नाही. डॉक्टरनं स्वतःचा फोटो मिरवला तर गैरवर्तन. हॉस्पिटलनं तोच फोटो चाळीस फुटी करून टांगला तर ब्रँडिंग.

बरं, हे नियम आले तेव्हा फेसबुक जन्मायला दोन वर्षं होती आणि इन्स्टाग्रामला आठ. म्हणून २ ऑगस्ट २०२३ ला परिषदेच्या जागी आलेल्या राष्ट्रीय वैद्यक आयोगानं नवे नियम काढले. लाइक्स आणि फॉलोअर विकत घेऊ नका, रुग्णांकडून कौतुक वदवून घेऊ नका, ऑपरेशनचे व्हिडिओ टाकू नका, असं साफ लिहिलं. पण त्याच नियमांत जेनेरिक औषधांची सक्ती होती. डॉक्टर मंडळी तिच्यावरून भडकली आणि २३ ऑगस्टला सगळेच नियम स्थगित झाले.

जेनेरिकच्या भांडणात लाइक्स वाचले.

आता वेलचीकडे येऊ. गुटख्याला महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे. सीमेपलीकडून आलेला माल पकडल्याच्या बातम्या सोलापूरकर चहाबरोबर वाचतो. तिकडे पडद्यावर मोठमोठे नट गुटख्याच्याच नावाची वेलची विकत असतात. नट बडे, सूट झकास, आणि विकायचं काय? मसालेदुधात घालायची वेलची! दारूवाल्यांनी आधी असाच सोडा विकला, मग संगीताच्या सीडी. त्यातली एक तरी सीडी कुणाच्या घरी वाजलेली आठवते?

कायद्यानं ज्याचं तोंड बांधलंय, त्या प्रत्येकानं आपापली वेलची शोधली आहे.

डॉक्टरांची वेलची म्हणजे आरोग्यजागृती. गुडघेदुखीची कारणं सांगायला वीस सेकंद, दवाखान्याचा पत्ता आणि पार्किंगची सोय सांगायला चाळीस. वकिलांची वेलची म्हणजे कायदेविषयक साक्षरता. बार कौन्सिलच्या नियम ३६ प्रमाणे वकिलाला जाहिरात करता येत नाही, पाटीसुद्धा बेताचीच हवी. पण ‘सातबाऱ्यावर बहिणीचं नाव आहे? हे रील सेव्ह करा!’ ही काय जाहिरात झाली? छे, समाजसेवा! मार्च २०२५ मध्ये बार कौन्सिलनं पुन्हा कान उपटले. त्यावरही रील झाले असतील.

शेअर बाजारवाल्यांची वेलची सर्वांत महाग. तिचं नाव शिक्षण. ‘बाप ऑफ चार्ट’ या नावानं शिकवणाऱ्या गुरुजींना सेबीनं ऑक्टोबर २०२३ मध्ये सुमारे १७ कोटी रुपये जमा करायला सांगितलं. म्हणणं एवढंच, की हे शिकवणं नव्हे, हा विनानोंदणी सल्ला आहे. जानेवारी २०२५ मध्ये सेबीनं आणखी खुंटी मारली: नुसतंच शिकवायचं असेल तर गेल्या तीन महिन्यांतले भाव वापरू नका. विद्यार्थ्यांना शिळे भाव शिकवायचे म्हटल्यावर किती गुरुजींना ज्ञानदानाची गोडी उरेल?

बिल्डरांचं जरा बरं. त्यांना जाहिरात करता येते, पण महारेराचा क्रमांक लागतो, १ ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोडही. तो रीलमध्ये असतो, नाही असं नाही. डोळे मिटून उघडेपर्यंत असतो.

डॉक्टर-वकिलांना तरी वेलची लागते, कारण त्यांच्याकडे गमवायला एक नोंदणी क्रमांक आहे. ज्याच्याकडे तो नाहीच, त्याचं काय?

तो सरळ सांगतो, ‘मधुमेह मुळासकट, एकवीस दिवसांत.’ औषधं आणि जादूटोण्याच्या उपचारांच्या जाहिरातींविरुद्धचा कायदा १९५४ चा. त्याच्या यादीत ५४ आजार आणि तक्रारी: मधुमेह, लठ्ठपणा, पक्षाघात, वंध्यत्व, अगदी उंचीसुद्धा. ते बरे करून देण्याची जाहिरात हा गुन्हा. पहिल्या खेपेला सहा महिन्यांपर्यंत कैद. सकाळी अर्धा तास मोबाइल चाळा, निम्मी यादी डोळ्यांसमोरून जाते. डॉक्टरचा परवाना निलंबित करता येतो. याचं काय निलंबित करणार, व्हॉट्सअ‍ॅप नंबर?

२०२४ मध्ये पतंजलीनं अशाच जाहिरातींबद्दल वर्तमानपत्रांत माफीनामा छापला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयानं विचारलं होतं: माफी जाहिरातींएवढीच मोठी आहे का? झकास प्रश्न. आता तो चोवीस तासांत उडून जाणाऱ्या स्टोरीला विचारून बघा.

या सगळ्यात गोची होते ती नियम पाळणाऱ्याची. पाटी बेताची, रील नाही, तपासायला वेळ देतो, म्हणून पोरंटोरं त्याला सांगतात, ‘सर, मार्केटिंग शिका की जरा!’ माझं मत विचाराल तर ही बंदीची नाटकं आता पुरेत. डॉक्टर-वकिलांना खुशाल जाहिरात करू द्या. मात्र नाव, पदवी, नोंदणी क्रमांक ठळक हवा, आणि दाव्याला पुरावा नसेल तर दंड असा, की एजन्सीचं बिल स्वस्त वाटावं.

आणि तोवर एक काम करा. २००२ च्या नियमांत डॉक्टरांना जाहीर करायची उघड मुभा असलेल्या त्या सात गोष्टींत सातवी आहे, आपल्या फीचे दर. एवढ्या रील्समध्ये एक जरी दरपत्रक सापडलं, तर जरूर कळवा.