हजार यार्डांची शेती

टेक्ससमध्ये जमीन घेताना माणसं पाणी बघतात, रस्ता बघतात, शाळा किती लांब आहे ते बघतात. माझ्या मेव्हण्याने कर्ण बघितला. महाभारतातला नव्हे, नववीच्या भूमितीतला. शेताच्या एका टोकाला पालथं पडायचं आणि दुसऱ्या टोकाला टांगलेली पोलादी थाळी रायफलीने वाजवायची. मधलं अंतर हजार यार्ड, म्हणजे ९१४ मीटर हवं, एवढीच त्याची अट. ती ऐकून जमिनीची दलाल बाई आधी हसली (टेक्ससात बंदुकीला कोणी हसत नाही, ती भूमितीला हसली) आणि मग कॅल्क्युलेटर काढून बसली.

हिशेब असा. चाळीस एकरांचा चौरस तुकडा घेतला तर बाजू भरते ४४० यार्ड आणि कर्ण ६२२. बार्शी तालुक्यात चाळीस एकरवाल्याला लोक वाकून रामराम घालतात. इथे त्याच्या गोळीला पाय पसरायला जागा नाही. ऐंशी एकरांचा एक आयत सापडला. कर्ण ९८४. मेव्हण्याने तो नाकारला. "दाजी, सोळा यार्डांपायी आयुष्यभर खोटं बोलावं लागेल." सोळा यार्डांपायी दोन पिढ्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात हे मी त्याच्याच गावात पाहिलेलं आहे, पण त्या जमीन मिळावी म्हणून. शेवटी मिळाली ती नकाशावर वांग्यासारखी दिसणारी, देठापासून बुडापर्यंत हजार यार्ड मोजून वर थोडी उरणारी. देठापाशी माणूस, बुडाशी थाळी.

मेव्हणा हिंसक नाही. कालवणात माशाचं डोकं आलं तर वाटी फिरवून ठेवणारा माणूस आहे. तो एच-वन-बी व्हिसावर होता तेव्हा त्याला हा नाद लागला. अमेरिकेचा केंद्रीय कायदा अशा तात्पुरत्या पाहुण्यांना बंदूक बाळगू देत नाही. मात्र शिकारीचा चालू परवाना असला तर देतो. म्हणजे नुसती थाळी वाजवणाऱ्यावर संशय, हरीण मारीन म्हणणाऱ्यावर विश्वास. त्याने शिकारीचा परवाना काढला. त्या परवान्यावर आजवर एक ससाही दचकलेला नाही.

रायफल घेतली ती सिक्स पॉइंट फाइव्ह क्रीडमोर या काडतुसाची. हॉर्नडी कंपनीने हे काडतूस २००७ साली आणलं, पण नाव जुनं आहे. न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर क्रीड नावाच्या घराण्याची शेतजमीन होती, तिथे १८७३ साली लांब पल्ल्याचं नेमबाजी मैदान सुरू झालं. पुढच्याच वर्षी आयरिश आणि अमेरिकन संघांचा तिथे सामना झाला. आठशे, नऊशे आणि हजार यार्ड. अमेरिका ९३४ विरुद्ध ९३१ अशी जिंकली, आणि ते तीन गुण कमी पडण्याचं एक कारण असं की एका आयरिश नेमबाजाने गोळी अगदी मधोमध मारली होती, पण चुकीच्या टार्गेटवर. हे सगळं मेव्हणा जेवताना रंगवून सांगत होता. पुढे ते मैदान बंद पडलं आणि त्या जागेवर सरकारी मनोरुग्णालय उभं राहिलं, ते आजही तिथे आहे, असं त्याने सांगितल्यावर माझी बायको, म्हणजे त्याची सख्खी बहीण, भात वाढता वाढता म्हणाली, "क्रम बरोबर आहे."

याच सुमारास बार्शीहून आबा, म्हणजे आमचे सासरे, सहा महिन्यांसाठी आले. पोराने जमीन घेतली या बातमीने ते विमानात झोपले नव्हते. जमिनीत काय पेरणार, याचं उत्तर मात्र त्यांना विमानतळावरून घरी येईपर्यंत कोणी दिलं नाही. मग मलाच द्यावं लागलं. ते बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले.

"आरं, त्या राधानगरीच्या कुसाळेच्या पोरानं पन्नास मीटरवर मारून पॅरिसातनं पदक आणलं," ते शेवटी म्हणाले. "ह्येला हजार यार्ड कशापायी?"

स्वप्नील कुसाळेचं २०२४ सालचं कांस्यपदक हा आबांच्या घरात पुढे कायमचा दाखला झाला. पण त्यांना खरा धक्का बसला तो परवानगीच्या बाबतीत. टेक्ससात गावठाणाबाहेर, वसाहतीतल्या दहा एकर किंवा त्याहून लहान प्लॉटवर कौंटी गोळीबाराला बंदी घालू शकते. मोठ्या रानावर तिचं काही चालत नाही. "एनए करावं लागत न्हाई? तलाठी? मोजणी?" आबा विचारत गेले आणि मेव्हणा मान हलवत गेला. आबांच्या गावात ज्यांच्याकडे बारा बोअर आहे ते निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा करून येतात. इथे कोणाकडेच काही जमा करायचं नाही, म्हटल्यावर त्यांना ती जमीन कच्च्या कागदावर घेतल्यासारखी वाटू लागली.

मग बांधाचं काम निघालं आणि आबा माणसांत आले.

अशा रायफलीची गोळी अडवली नाही तर चार-पाच किलोमीटरवर जाऊन पडू शकते. म्हणून थाळीमागे मातीचा बांध लागतो, उंच, रुंद आणि बिनदगडाचा. मातीत दगड असला की गोळी त्यावर आपटून भलतीकडे उडते. थाळीही सरळ टांगत नाहीत. वरचं अंग थोडं पुढे झुकवतात, म्हणजे गोळीच्या चिंधड्या खाली जमिनीत जातात. साखळ्या गोळीने तुटतात म्हणून अग्निशमनाच्या जुन्या पाइपाचे पट्टे वापरतात. यातलं सगळं मेव्हण्याला पाठ होतं. माती कुठून आणायची, एवढंच त्याला माहीत नव्हतं. तो ट्रकने विकत आणणार होता.

आबांनी रान पायाखाली घातलं, चार ठिकाणी टिकाव मारून पाहिला आणि बुलडोझरवाल्याला खुणेने एक खोलगट भाग दाखवला. तिथली माती उचलली, बांध झाला, आणि पहिल्या पावसात त्या खड्ड्यात पाणी साठलं. आपल्याकडे मागेल त्याला शेततळं देतात. मेव्हण्याला न मागता मिळालं. दुसऱ्या पावसात बांधाची माती मात्र ओघळून खाली आली. गवत लावल्याशिवाय बांध टिकत नाही, हे आबांनी आधीच बजावलं होतं. मेव्हणा जाऊन बर्म्युडा गवताच्या बियांची पिशवी घेऊन आला. आबांनी पिशवीवरचं चित्र चष्मा लावून पाहिलं, चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

"ही हरळी हाय."

होती खरी. आबांनी उभं आयुष्य ज्वारीतली हरळी खणण्यात घालवलं. त्यांच्या वडिलांनी, आजोबांनीही तेच केलं. तीन पिढ्यांनी जी मुळासकट उपटून बांधाबाहेर फेकली, ती चौथ्या पिढीने डॉलर मोजून विकत आणून बांधावर पेरली. आबा त्या दिवशी दुपारचे जेवले नाहीत.

शेततळ्याचा परिणाम जरा उशिरा दिसला. जमिनीवर शेतीच्या दराने कर बसावा, यासाठी तिथे खरोखर शेती किंवा गुरं दिसावी लागतात. म्हणून मेव्हण्याने शेजाऱ्याच्या गाई चरायला सोडल्या होत्या. या गाईंना आता तळं मिळालं, आणि तळं होतं बरोबर गोळीच्या वाटेवर. पाणी पिऊन झालं की त्या थाळीच्या खांबाला अंग घासत. गाई असताना गोळी झाडता येत नाही आणि गाई नसताना कर झेपत नाही. मेव्हण्याचा शनिवार गाई हाकण्यात, रविवार वाकलेला खांब सरळ करण्यात जाऊ लागला. मधल्या वेळात कुंपण, गवतकापणी आणि आडवं पडायच्या जागी हटकून वारूळ करणाऱ्या लाल मुंग्या.

तरी एका रविवारी योग आला. गाई पलीकडे, फाटक बंद, मुंग्यांना औषध घातलेलं. हजार यार्डांवर जाईपर्यंत गोळी साधारण पंचवीस फूट खाली येते, तेवढी दुर्बीण चढवून ठेवली. ताशी दहा मैलांचा आडवा वारा तिला पाच-सहा फूट बाजूला नेतो; त्यासाठी वारा मोजायचं यंत्र आणि हवेचा दाब विचारणारं ॲप. आबा मागे खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी उभं राहून ज्वारी उफणलेली आहे. हवेत चिमूटभर माती सोडून ते म्हणाले, "थांब. वारं पडंल आता."

मेव्हणा थांबला. आम्ही सगळेच थांबलो. डबे उघडले, थालीपीठं संपली, चहाही संपला. टेक्ससच्या वाऱ्याला बार्शीचं ऐकायची सवय नसावी. तो वाढतच गेला. उन्हं कलायला लागली तेव्हा बायकोने भावाला सांगितलं की आता मार, नाहीतर मी मारते.

त्याने मारली. गोळीला पोचायला दीड सेकंद आणि टणत्काराला परत यायला पावणेतीन. बायकोने फोनवर व्हिडिओ घेतला आहे. त्या सव्वाचार सेकंदांत मेव्हण्याच्या चेहऱ्यावर दहावीचा निकाल, व्हिसाची मुलाखत आणि ग्रीन कार्डाची वाट, सगळं एकामागून एक दिसतं. मग बारीक, लांबून, "टण्ण". आम्ही ओरडलो.

"आत्ता वाजलं?" आबांनी विचारलं. "मला वाटलं, हुकली."

परत जाण्याआधी आबांनी रायफलीचा फोटो काढला नाही. हरळी धरलेल्या बांधाचे मात्र चारी बाजूंनी काढले आणि भावकीच्या ग्रुपवर टाकले. गावाकडे पहाट असावी, पण मिनिटभरात चुलत्यांचा निरोप आला. बांध झकास झालाय. शेजाऱ्याचं किती कोरलं?

आबांनी फोन पोराच्या हातात दिला. "सांग आता तूच," ते म्हणाले.