ओढा, पण सोडू नका

संगणकाच्या पडद्यावरील फाइल माउसच्या डाव्या बटणाने पकडून, बटण दाबलेलेच ठेवून, हव्या त्या जागी नेणे आणि तेथे बटण सोडून देणे या क्रियेला ड्रॅग अँड ड्रॉप म्हणतात, आणि सामान्य माणसाला कोणाच्याही मदतीशिवाय उमगलेल्या ज्या मोजक्या संगणकीय क्रिया आहेत त्यांत हिचा क्रमांक बराच वर लागतो. अपग्रेडनंतर पहिला घाव बहुधा हिच्यावरच पडतो याचे कारणही तेथेच शोधावे लागेल. जी गोष्ट शिकावी लागत नाही तिचा वर्ग भरवता येत नाही, तिच्यासाठी मदतकेंद्र चालवता येत नाही, आणि ती सुरळीत चालली तर कोणी तिची दखलही घेत नाही. म्हणून सॉफ्टवेअर उद्योगाच्या हिशेबवहीत ती कोणत्याच जमेच्या बाजूला बसत नाही. तिची किंमत ग्राहकाला कळावी, यासाठी ती अधूनमधून काढून घ्यावी लागते.

या क्रियेची वंशावळ प्रतिष्ठित आहे. डग्लस एंगलबार्ट यांनी ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे माउसचे जाहीर प्रात्यक्षिक दाखवले. पुढे १९८१ मध्ये झेरॉक्स कंपनीचा स्टार हा संगणक आला, त्यात कागदाचे चित्र निवडायचे, कळफलकावरील ‘हलवा’ अशा अर्थाची स्वतंत्र कळ दाबायची आणि मग ठिकाण दाखवायचे, अशी सरकारी अर्जाला शोभेल अशी त्रिस्तरीय पद्धत होती. अ‍ॅपलच्या १९८३ मधील लिसा आणि १९८४ मधील मॅकिंटॉश या संगणकांनी वस्तू पकडून सरळ ओढण्याची मुभा दिली. बेन श्नायडरमन या अभ्यासकाने १९८३ मधील आपल्या लेखात अशा वापराची ‘प्रत्यक्ष हाताळणी’ या नावाने मांडणी केली. वस्तू डोळ्यांसमोर असावी, तिच्यावरील क्रिया हाताने व्हावी, परिणाम तत्काळ दिसावा आणि तो उलटवताही यावा, असा त्याचा आशय. अर्थात शास्त्र आले की अपवाद आलाच. मॅकिंटॉशमध्ये फ्लॉपी बाहेर काढायची तर तिचे चित्र कचऱ्याच्या डब्यात ओढून टाकावे लागे, आणि आयुष्यभराचे काम ज्या चकतीवर आहे ती कचऱ्यात टाकताना भल्याभल्यांचा हात थरथरत असे. पुढे चकती ओढायला लागताच डब्याच्या जागी बाहेर काढण्याचे चिन्ह दिसू लागले, म्हणजे थरथर थांबवायला डब्याला वेषांतर करावे लागले.

विंडोजचा इतिहास याहून बोधप्रद आहे. उघड्या खिडक्यांची बटणे दाखवणारी पडद्याच्या तळाशी असलेली पट्टी, म्हणजे टास्कबार, २४ ऑगस्ट १९९५ रोजी विक्रीस आलेल्या विंडोज ९५ मध्ये अवतरली. फाइल ओढत त्या पट्टीवरील एखाद्या बटणावर आणून क्षणभर थांबले की त्या बटणाची खिडकी वर येत असे, आणि मग फाइल त्या खिडकीत सोडता येत असे. विंडोज एक्सपीच्या काळात एखाद्या उतावळ्याने फाइल थेट बटणावरच सोडली, तर संगणक त्याला एक लांबलचक सूचना दाखवी. बटणावर वस्तू सोडता येत नाही, मात्र माउसचे बटण न सोडता तेथेच थांबल्यास खिडकी उघडेल आणि मग आत सोडता येईल, असा तिचा मथितार्थ होता. जी यंत्रणा वापरणाऱ्याची चूक एवढी तपशिलाने ओळखते आणि त्यावरचा उपायही जाणते तिने तो उपाय स्वतःच का करू नये, असा प्रश्न त्या काळी काहींना पडे. तो काळ सुखाचा होता हे त्यांना ५ ऑक्टोबर २०२१ रोजी कळले.

त्या दिवशी विंडोज ११ आले. टास्कबार नव्याने लिहिला गेला होता, बटणे मधोमध आली होती, कडा गोलसर झाल्या होत्या, आणि फाइल ओढत पट्टीवर नेली की तिरकी रेघ मारलेले एक वर्तुळ दिसू लागले होते. हे निषेधाचे चिन्ह रस्त्यावर ‘येथे वाहन उभे करण्यास मनाई’ एवढे तरी सांगते. टास्कबारवर ते कशास मनाई आहे, का आहे आणि कधीपर्यंत आहे, यांपैकी काहीही सांगत नव्हते. सव्वीस वर्षे जे चालत होते ते बंद झाले आहे, ही बातमी जगभरच्या कार्यालयांत प्रत्येकाने स्वतंत्रपणे, स्वतःच्या माउसवर संशय घेत शोधून काढली. कोणी माउस बदलला, कोणी त्याचा चालक, म्हणजे माउस आणि संगणक यांच्यातील दुभाष्याचे काम करणारा ड्रायव्हर नावाचा प्रोग्राम, काढून पुन्हा बसवला. एका स्वतंत्र प्रोग्रामरने ही सोय परत आणणारा छोटा मोफत प्रोग्राम लिहून लोकांसाठी खुला केला, आणि इतक्या मोठ्या कंपनीला न सुचलेली गोष्ट घरबसल्या करता येते, हे त्यामुळे सिद्ध झाले.

२० सप्टेंबर २०२२ रोजी २२एच२ या नावाचे मोठे अपडेट आले आणि टास्कबारवर ओढण्याची सोय परतली. तिची गणना नव्या सुविधांत झाली. रस्ता खणून वर्षभर तसाच ठेवायचा आणि बुजवल्यावर त्याच रस्त्याचे लोकार्पण करायचे, हे तंत्र महाराष्ट्रातील नगरपालिकांचीच मिरास आहे असे मानणाऱ्यांचा त्या दिवशी भ्रमनिरास झाला असेल. प्रयोग यशस्वी ठरल्यामुळे तो पुन्हा करण्यात आला: फाइल एक्सप्लोररच्या, म्हणजे फोल्डर दाखवणाऱ्या खिडकीच्या, २०२३ मधील नव्या रूपात वरच्या पत्तापट्टीवर फाइल ओढून सोडण्याची सोय नाहीशी झाली आणि २०२४ मध्ये ती सुधारणा म्हणून परत आली. यावर कळस २०२५ मध्ये चढला. आता फाइल ओढायला सुरुवात करताच पडद्याच्या वरच्या कडेला एक तबक आपोआप खाली सरकते आणि ती फाइल अमुक प्रोग्रामला पाठवायची का, असे न विचारता विचारते. ज्यांना फाइल केवळ शेजारच्या फोल्डरमध्ये टाकायची असते त्यांनी हे तबक चुकवून जाण्याचा सराव केला आहे; ज्यांना तेही जमत नाही त्यांच्यासाठी ते बंद करण्याचा खटका सेटिंग्जमध्ये, निकटच्या उपकरणांशी देवाणघेवाण करण्याच्या विभागात, ठेवलेला आहे, म्हणजे जेथे कोणीही सहज डोकावणार नाही अशा ठिकाणी.

आता प्रायश्चित्तप्रकरणाकडे वळणे आवश्यक आहे. ओढणे बंद पडले की वापरणाऱ्याने कोणते विधी कोणत्या क्रमाने करावेत याची एक रूढ संहिता जगभर प्रचलित आहे, आणि तिचे पहिले गृहीतक असे की दोष वापरणाऱ्याचा आहे. पहिला विधी सर्वांत लहान आणि, हे मान्य केलेच पाहिजे, अनेकदा गुणकारी असतो: कोणतीही फाइल डाव्या बटणाने पकडून धरावी, तशीच धरून एस्केप ही कळ दाबावी, मग बटण सोडून पुन्हा प्रयत्न करावा. यामागे मंत्रशक्ती नसून साधा हिशेब आहे. ओढणे सुरू झाले की विंडोज एक अवस्था चालू ठेवते आणि बटण सुटेपर्यंत किंवा एस्केप दाबली जाईपर्यंत वाट पाहते. एखादे जुने ओढणे अर्धवट अडकून पडले असेल तर एस्केप ते रद्द करते. दुसरा विधी टास्क मॅनेजर, म्हणजे चालू प्रोग्रामांची यादी दाखवणारी खिडकी, उघडून विंडोज एक्सप्लोरर पुन्हा सुरू करण्याचा, आणि तोही बरा आहे, कारण फोल्डरच्या खिडक्या, डेस्कटॉप आणि टास्कबार यांचा कारभार हाच प्रोग्राम पाहतो.

तिसऱ्या विधीपासून मात्र शास्त्राची सीमा ओलांडून श्रद्धेच्या प्रांतात प्रवेश होतो. काळ्या खिडकीत आज्ञा लिहून सिस्टिम फाइल चेकर चालवण्यास सांगितले जाते. हा तपासनीस विंडोजच्या संरक्षित फाइली त्यांच्या मूळ प्रतींशी ताडून पाहतो, बिघडलेल्या आढळल्यास बदलतो, आणि बहुतेक वेळा बऱ्याच प्रतीक्षेनंतर कोठेही दोष नाही असा निर्वाळा देतो. आरोपीनेच पंचनामा करून स्वतःला निर्दोष ठरवण्याचे याहून शुद्ध उदाहरण न्यायशास्त्रात सापडणे कठीण. शिवाय तो निर्वाळा खराही असतो, कारण फाइली कंपनीने पाठवल्या तशाच आहेत, आणि दुखणे नेमके तेच आहे. यानंतर सर्व जादा प्रोग्राम बंद ठेवून संगणक सुरू करणे, नव्या नावाने खाते उघडून पाहणे आणि अखेर सारे पुसून विंडोज नव्याने बसवणे, असे चढत्या भाजणीचे विधी येतात. शेवटचा विधी पूर्ण होईपर्यंत ओढायची फाइलच उरलेली नसते, आणि त्यामुळे तक्रारही उरत नाही.

या संहितेत क्वचितच सापडणारे, पण अपग्रेडनंतर वारंवार खरे ठरणारे कारण वेगळेच आहे. विंडोज व्हिस्टापासून, म्हणजे २००७ पासून सर्वसामान्यांपर्यंत पोचलेल्या व्यवस्थेनुसार, चालू असलेल्या प्रत्येक प्रोग्रामला विश्वासाची एक पायरी दिलेली असते. साधे प्रोग्राम मधल्या पायरीवर असतात आणि प्रशासकाच्या, म्हणजे अ‍ॅडमिनच्या अधिकाराने चालवलेले प्रोग्राम वरच्या पायरीवर बसतात. खालच्या पायरीवरील प्रोग्रामने वरच्याच्या खिडकीला संदेश पाठवू नये असा दंडक आहे. हा दंडक निरर्थक नाही. एक साधा प्रोग्राम बड्या अधिकाराच्या प्रोग्रामच्या खिडकीला बनावट संदेश पाठवून त्याच्याकडून हवे ते करून घेऊ शकतो, हे २००२ मध्ये ‘शॅटर अटॅक’ या नावाने जाहीर झाले होते, आणि ती वाट बुजवणे भाग होते. परंतु फोल्डरची खिडकी स्वतः मधल्या पायरीवर असते. म्हणून तिच्यातून फाइल ओढून अ‍ॅडमिनच्या अधिकाराने चाललेल्या प्रोग्रामवर नेली की पुन्हा तेच रेघ मारलेले वर्तुळ दिसते. ही उतरंड भारतीय मनाला नवी नाही, तरी ती माउसलाही लागू झालेली पाहून काहींना गहिवरून येते.

अपग्रेडशी याचा संबंध असा की जुना प्रोग्राम नव्या विंडोजवर अडखळू लागला की दुरुस्तीस आलेला तंत्रज्ञ पहिली गोष्ट करतो ती त्याच्या गुणधर्मांत जाऊन ‘नेहमी अ‍ॅडमिन म्हणून चालवा’ या चौकटीत खूण करण्याची. युनिकोडपूर्व फाँट वापरणारे मराठी टंकलेखनाचे जुने प्रोग्राम आणि छापखान्यांतील पानजुळणीचे संच ज्या कार्यालयांत अजून तग धरून आहेत, तेथे या खुणेचे कौतुक विशेष असते. प्रोग्राम चालू लागतो, तंत्रज्ञ बिल घेऊन जातो, आणि दुसऱ्या दिवशी पानात छायाचित्र ओढून टाकता येत नाही असे ध्यानात येते. मग कोणीतरी जाणकार, बहुधा घरातलाच, हे पायऱ्यांचे संरक्षणच मुळातून बंद करण्याचा सल्ला देतो. त्याने ओढणे सुरू होते हे खरे, कारण सगळेच वरच्या पायरीवर जाऊन बसतात; चुकून उघडलेला विषाणूही तेथेच जाऊन बसतो, एवढे मात्र तो जाणकार सांगायचे विसरतो. वास्तविक त्या चौकटीतील खूण काढून पाहणे, आणि ती काढून भागत नसेल तर प्रोग्रामच्याच फाइल उघडण्याच्या मेनूतून छायाचित्र आणणे, हे दोन उपाय निरुपद्रवी आहेत. ते फुकट असल्यामुळे त्यांचा प्रसार झालेला नाही.

याच्या नेमका उलट विकारही आहे: ओढायचे नसताना ओढले जाणे. विंडोजच्या नोंदवहीत, म्हणजे रजिस्ट्रीत, माउस किती बिंदू सरकला की ओढणे सुरू झाले असे मानावे याच्या आडव्या आणि उभ्या दिशेसाठी दोन नोंदी असतात, आणि दोहोंचे मूळ मूल्य ४ असते. चार बिंदू म्हणजे हाताला आलेली शिंक. त्यामुळे दोनदा क्लिक करू पाहणाऱ्या थरथरत्या बोटाने ‘जमाखर्च’ नावाचा फोल्डर उचलून शेजारच्या ‘जुने फोटो’ या फोल्डरमध्ये टाकला जातो, आणि कार्यालयात कोणीतरी मुद्दाम पुरावा नष्ट केल्याची कुजबुज सुरू होते. अशा वेळी चौकशी समिती नेमण्यापूर्वी कंट्रोल आणि झेड या कळा एकत्र दाबून पाहाव्यात, आणि तेवढ्याने न भागल्यास शेजारचे फोल्डर उघडून बघावेत. एकाच ड्राइव्हमध्ये ओढलेली फाइल हलते, दुसऱ्या ड्राइव्हवर ओढलेली फाइल नकलली जाते, हा नियमही येथेच ध्यानात ठेवण्यासारखा. शिफ्ट दाबून ओढल्यास ती नक्की हलते, कंट्रोल दाबून ओढल्यास नक्की नक्कल होते, आणि उजव्या बटणाने ओढल्यास संगणक काय करायचे ते सोडताना विचारतो. विचारून करण्याची ही एकमेव जागा असून ती उजव्या बटणामागे लपवलेली आहे, हे सहेतुकच असणार.

इतर पंथांतही मोक्ष नाही. मॅकवर तीन बोटांनी ओढण्याची सोय ट्रॅकपॅडच्या सेटिंगमध्ये होती; २०१५ च्या सुमारास ती तेथून उचलून अपंगत्वसहाय्याच्या विभागात ठेवण्यात आली, त्यामुळे धडधाकट माणसांनी ती गमावल्याचा शोक केला. लिनक्सच्या उबुंटू या अवतारात २०२० साली फोल्डरच्या खिडकीतून फाइल ओढून डेस्कटॉपवर ठेवता येत नव्हती, आणि पुढच्या वर्षी डेस्कटॉपवरील चित्रे सांभाळणारा जोडप्रोग्रामच बदलून ती सोय परत आणावी लागली.

विंडोज १० ची नियमित मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबल्यामुळे अनेकांपुढे अपग्रेडवाचून पर्याय राहिलेला नाही, आणि पुढील मोठ्या अपडेटमध्ये काय परत मिळेल हे कळण्यासाठी आधी काय जाते ते पाहावे लागेल. तोवर वाचकांनी फाइल निवडून कंट्रोल आणि एक्स, आणि हव्या त्या फोल्डरमध्ये जाऊन कंट्रोल आणि व्ही या कळा वापराव्यात. त्यांच्यात सुधारणा करण्याचे अद्याप कोणाच्या मनात आलेले दिसत नाही.