सोळा मिलिसेकंदांची शिफ्ट

पीथमपुरात नोकरीला गेट असतं. गेटवर वॉचमन असतो, आत भोंगा असतो आणि सकाळी महूनाक्यावर तुमच्यासाठी कंपनीची बस थांबते. यातलं काहीच नसेल तर आमच्याकडे त्याला नोकरी म्हणत नाहीत, ‘काहीतरी करतोय’ म्हणतात. ऐंशीच्या दशकात धार जिल्ह्यातल्या या माळावर कारखाने आले, तेव्हा इंदूर, देवास आणि महूमधल्या कितीतरी मराठी घरांतली मुलं त्या बसमध्ये चढली. फिरोदियांची कायनेटिक होंडा इथेच बनायची. आयशरचे ट्रक १९८६ पासून मित्सुबिशीच्या साथीनं इथूनच बाहेर पडू लागले. बजाज टेम्पोही आली. मी त्याच पिढीतला. आयटीआय, मग अप्रेंटिस, मग कायम. कंपनी आधी आत घेई आणि मग काम शिकवी. चुका कंपनीच्या पत्र्यावर करायच्या आणि वर स्टायपेंड घ्यायचा, असा तो सुखाचा काळ.

माझ्या भाच्यानं गेम प्रोग्रॅमिंगची पदवी घ्यायचं ठरवलं, तेव्हा फीचा आकडा ऐकून भाऊजी गप्प झाले. त्यांना गप्प करणं सोपं नाही, ते युनियनमध्ये होते. पदवी हातात आल्यावर खरा प्रश्न उभा राहिला तो लोकांना काय सांगायचं हा. ताई ‘सॉफ्टवेअर’ म्हणून वेळ मारून नेई. पण ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगचा कायदा आला आणि शेजारच्या काकू थेट सांत्वनालाच आल्या. ‘सरकारनं गेम बंद केले म्हणे. आता पोराचं कसं होणार?’ भाच्यानं त्यांना समजावलं, बंदी फक्त पैसे लावून खेळायच्या गेमवर आहे, उलट कायद्याच्या नावात ‘प्रोत्साहन’ हा शब्द पहिला आहे. काकूंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि दारात चपला घालताना ताईला हळूच म्हणाल्या, ‘चला, जुगार तरी सुटला.’

वेळ वाईट होती हे मात्र खरं. जानेवारी २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टनं आपल्या गेम विभागातली १,९०० माणसं एका फटक्यात कमी केली होती. आपल्याकडे नव्या कायद्यानंतर पैशांच्या खेळांवर चालणाऱ्या कंपन्यांनीही माणसं काढली. म्हणजे दारात उभं राहायचं ते अनुभवी लोकांच्या मागे. त्यात जाहिराती अशा: ‘फ्रेशर हवा, अनुभव दोन वर्षं, किमान एक गेम बाजारात आलेला असावा.’ भाऊजींनी चष्मा पुसून ती ओळ पुन्हा वाचली. ‘म्हणजे नोकरी लागायच्या आधी नोकरी करून यायचं?’

तसंच. आमच्या वेळी कागद दाखवून आत शिरता येई. या धंद्यात कागदाकडे कुणी बघत नाही, ‘काय बनवलंयस ते दाखव’ म्हणतात. दाखवायला भाच्याकडे दोन गोष्टी होत्या. एक मोठी, एक लहान.

मोठी म्हणजे माळव्याचा भव्य गेम. अहिल्याबाईंचं महेश्वर, नर्मदेचे घाट, १७४० मध्ये थोरल्या बाजीरावांनी जिथे शेवटचा श्वास घेतला ती रावेरखेडीची छावणी, सगळं त्यात येणार होतं. कॉलेजातल्या चौघा मित्रांनी मिळून सुरू केलेल्या या महाकाव्यात प्रत्यक्षात तयार झाला तो एक हत्ती. दिसायला राजबिंडा, पण उतारावर आला की गुडघ्यापर्यंत जमिनीत जायचा.

लहान गोष्ट त्यानं एका गेम जॅममध्ये, म्हणजे अठ्ठेचाळीस तासांत गेम करून दाखवायच्या जत्रेत केली होती. कंपनीची बस. महूनाक्यावरून निघायचं, राऊवरून पीथमपूर गाठायचं, वाटेत माणसं उचलायची आणि भोंगा व्हायच्या आत गेटवर पोचायचं. बस. परीक्षक म्हणून घरात मीच होतो. ‘या वळणावर कुणी बस थांबवत नाही’, ‘पोह्याच्या गाडीपाशी दोघं तरी उतरतातच, त्यांना परत घ्यावं लागतं’, असल्या सूचना मी देत असे आणि तो त्या इमानदारीनं उतरवून घेई.

एकदा मी विचारलं, ‘यात एवढं अवघड काय असतं रे?’ तो म्हणाला, ‘मामा, पडद्यावर सेकंदाला साठ चित्रं दिसली पाहिजेत. म्हणजे एका चित्राला सोळा मिलिसेकंद आणि वर चिमूटभर. तेवढ्यात कुणी बटण दाबलंय का ते बघायचं, बस किती पुढे गेली, कशावर आदळली का, याचं गणित करायचं, आवाज द्यायचा आणि मग चित्र काढायचं. एक काम रेंगाळलं की चित्राला उशीर, आणि खेळणाऱ्याला गचका बसतो.’

मी खुर्चीत सरळ बसलो. हा तर टॅक्ट टाइम! लाइनवरून ठरल्या वेळाला एक स्कूटर उतरलीच पाहिजे, म्हणून प्रत्येक स्टेशनला बांधलेला वेळ. एक जण वॉशर शोधत बसला की मागची सगळी रांग खोळंबते. मग टाइम स्टडीवाला स्टॉपवॉच घेऊन पाठीशी येऊन उभा राहतो, आणि तो उभा असेपर्यंत सगळेच जरा जास्त सुबक काम करतात. भाचा म्हणाला, तसा माणूस आमच्याकडेही आहे, त्याला प्रोफायलर म्हणतात, फक्त तो चहा पीत नाही.

त्या संध्याकाळी आम्ही दोघं प्रोफायलर उघडून बसलो, कारण प्रवासी वाढले की बस गचके खात होती. कुठलं स्टेशन लाइन अडवतंय ते शोधायचं होतं. सापडलं. बसमधले चाळीस प्रवासी एकमेकांना धक्का लागू नये म्हणून, दर चित्राला, प्रत्येक जण बाकीच्या एकोणचाळीस जणांना ‘तू कुठे आहेस’ असं विचारत होता. म्हणजे सोळा मिलिसेकंदांत १,५६० चौकशा. ‘सगळ्यांनी सगळ्यांची चौकशी कशाला करायची?’ मी म्हटलं. ‘मामा, इंदूरचे आहेत,’ तो म्हणाला. अखेर ज्यानं त्यानं फक्त आपल्या आजूबाजूच्यांना विचारायचं असा नियम केला आणि बस सुरळीत धावू लागली. निवृत्तीनंतर मला इतकं ताजं कधी वाटलं नव्हतं.

भाऊजींना मात्र लोखंड लागतं. ‘आशियातला सगळ्यात लांब ट्रॅक आपल्या दाराशी, आणि हा पडद्यावर गाड्या पळवतोय,’ हे त्यांचं पालुपद. ट्रॅक म्हणजे नॅट्रॅक्स, गाड्यांची चाचणी घ्यायचा, ११.३ किलोमीटरचा. त्याचं उद्घाटन जून २०२१ मध्ये झालं. भाच्यानं त्यांना सांगितलं की अमेरिकेतल्या विजेवर चालणाऱ्या हमर गाडीच्या डॅशबोर्डचा पडदा अनरियल इंजिनवर चालतो, म्हणजे फोर्टनाइट ज्यावर चालतो त्याच गेम इंजिनवर. भाऊजी उजळले. ‘मग आयशरमध्ये अर्ज का नाही टाकत?’

त्यांचं मन जरा वळलं ते लुडो किंगमुळे. २०२० च्या टाळेबंदीत भाऊजी देवासच्या साडूंशी रोज रात्री लुडो खेळत, आणि हरले की नेटवर्कला नावं ठेवत. तो गेम नवी मुंबईतल्या एका कंपनीत बसून कुणीतरी लिहिलाय, त्याला त्याचा पगार मिळतो, हे त्यांच्या तोपर्यंत ध्यानातच आलं नव्हतं. ताईनं तेवढ्यात सापशिडी मध्ये आणली. सापशिडीचं जुनं रूप असलेला मोक्षपट परंपरा ज्ञानेश्वरांच्या नावावर सांगते, तेव्हा हा धंदा काही आजचा नाही. ताई मराठीची शिक्षिका होती. कुठल्याही वादात ज्ञानेश्वरांना आणलं की समोरचा गप्प बसतो, हा तिचा नोकरीतला अनुभव.

मुलाखत लागली ती पुण्यातल्या एका छोट्या स्टुडिओत. पुणं या बाबतीत बरं गाव आहे. २०२० मध्ये आलेला ‘राजी’ तिथेच घडला आणि त्या वर्षीच्या गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या गटात त्याला नामांकनही मिळालं. भाच्यानं आधी हत्ती दाखवला. त्यांनी तो सभ्यपणे पाहिला आणि विचारलं, शत्रू तुमच्या पुढे आहे की मागे, हे एका गुणाकारात कसं ओळखाल? हे त्याला येत होतं. मग त्यांनी बस लावली आणि दोघं जण आळीपाळीनं खेळतच बसले. राऊच्या थांब्यावर डबा घेऊन एक आजी चढते आणि तिकिटाचे पैसे शोधते, तेवढा वेळ बस हलत नाही. ‘हे मुद्दाम केलंय?’ ‘नाही सर, तो बग होता. पण मामा म्हणाले राहू दे, असंच होतं.’ ते हसले. मला वाटतं, नोकरी तिथेच लागली. भाचा म्हणतो, गुणाकारामुळे लागली.

रुजू झाल्यावर त्याला लढाया, गाड्या, हत्ती काही मिळालं नाही. मिळाला सेटिंग्जचा मेनू. गेम मराठीतही यायचा होता आणि इंजिनाचं अक्षरांचं यंत्र देवनागरीपुढे हात टेकत होतं. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी यायची ती नंतर येई, जोडाक्षरांचे पाय मोडून शेजारी पडत. ‘किल्ला’ लिहिलं की पडद्यावर भलतंच काही उमटे. हे सगळं सरळ करणं म्हणजे त्याची पहिली नोकरी.

त्यानं हे फोनवर सांगितलं आणि पदवीच्या सगळ्या वर्षांत पहिल्यांदा ताईला तो नेमकं काय करतो ते कळलं. त्याच रात्री तिनं त्याला शब्दांची यादी पाठवली: स्वातंत्र्य, कर्तृत्व, ज्ञानेश्वरी, दुसऱ्याच्या, तऱ्हेवाईक. तो पडद्याचे फोटो पाठवतो, ती ते जवळच्या दुकानात छापून आणते, लाल पेनानं तपासते आणि तपासलेल्या कागदाचा फोटो परत पुण्याला धाडते. भाऊजी म्हणतात, तिलाही स्टायपेंड मिळायला हवा. यादी बरीचशी मार्गी लागली आहे. ‘कुऱ्हाड’ तेवढी अजून बसत नाही.